सत्त्याऐंशी नंबरचा शेरा

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ११.४०

नवी वही. आजपासून रोज सहाला उठायचं. आज उठलो नाही, कारण निश्चय उठल्यावर केला. म्हणून आजचा दिवस धरायचा नाही.

निश्चय असा. मी जयराज, वय चौतीस, दिवाळीपर्यंत फ्रंट-एंड डेव्हलपर होणार. शेळीपालन झालं, ड्रोन फवारणी झाली, यूट्यूब चॅनल झालं. ती सगळी फील्डं माझ्या मानानं लहान होती. सेलमला ज्ञानूमामाचं गलाईचं दुकान आहे, तिथं सोनं गाळायचं काम चौदा महिने केलं, तेही मीच सोडलं. मामा सगळ्यांना सांगतो त्यानं काढलं. म्हणे भट्टी पेटवून मी झोपलो. झोपलो नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो.

तर व्ह्यू. जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क. वेबसाइट बनवतात त्यात. पुण्यातली पोरं याच्या जिवावर गाड्या उडवत फिरतात. क्रांतीनं मागच्या वर्षी ड्रोनसाठी घेऊन दिलेला लॅपटॉप आहेच.

आईला सांगितलं. आई म्हणाली आधी आंघोळ कर.

३ सप्टेंबर, बुधवार. दुपारी

व्ह्यूची डायरेक्टिव्ह, म्हणजे पानाला द्यायचे हुकूम, शिकलो. सगळी. एका दिवसात. (व्हिडिओ दुप्पट वेगानं लावला.)

विसरायच्या आत लिहून ठेवतो. व्ही-फॉर म्हणजे पंगतीला वाढणं. एकदा सांगायचं, मग यादीत जेवढी माणसं तेवढ्यांची पानं आपोआप वाढून होतात. त्यात प्रत्येकाला स्वतःचा नंबर द्यावा म्हणतात, त्याला 'की' म्हणतात. नाही दिला तरी चालतं, बघितलं करून. व्ही-मॉडेल म्हणजे इकडच्या खोक्यात लिहिलं की तिकडं बदलतं. व्ही-इफ म्हणजे अट खरी असली तर गोष्ट पानावर येणार, नाहीतर नाही. आणि व्ही-शो म्हणजे तेच. व्हिडिओतला मास्तर म्हणाला या दोन्हीत मोठा फरक आहे, तेवढ्यात आईनं चहाला हाक मारली. दोन्हीकडं गोष्ट दिसत नाही ना? मग फरक कसला.

संध्याकाळी क्रांती ड्यूटीवरून आली, तिला समजावून सांगितलं. क्रांती माझी धाकटी बहीण, एकोणतीस वर्षांची, विट्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन. रक्त तपासते. तिला सोप्या भाषेत सांगत होतो तरी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून भिंतीला टेकून झोपली. कॉम्प्युटरचं डोकं नाही तिला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

प्रोजेक्ट सापडला. आणि काय प्रोजेक्ट!

आमच्या गावचे आप्पासो. रिटायर पोस्टमन. तीस वर्षं घरोघर टपाल वाटलं, त्यामुळं पंचक्रोशीतलं एकेक घर आतून माहीत. लग्नं जमवतात. फुकट. गावातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, कोण सेलमला, कोण कोईमतूरला, कोण पार अमृतसरला. ती दिवाळीत गावी येतात आणि पोरापोरींचं बघायला आप्पांच्या ओट्यावर बसतात. आप्पांची एक वही आहे. चिकटवलेला फोटो, नाव, वय, शिक्षण, शेती, मामाचं गाव. आणि शेवटी लाल शाईत एक रकाना, शेरा.

ही वही मी वेबसाइटवर टाकणार. अमृतसरात बसून विट्याचं स्थळ बघायचं!

आप्पा आधी न्हाईच म्हणाले. म्हणाले गड्या, शेरा ही काय लोकांनी वाचायची गोष्ट न्हाई. कुणाचं कुठलं दुखणं, कुणाचं मोडलेलं, कुणाची पोरगी कुणाला व्हय म्हणून बसलीय, ते माणसांनी इस्वासानं सांगितलंय, मी फक्त बघून जोडी लावतो. मी म्हणालो आप्पा, आवं काळजी सोडा, शेऱ्याचा रकाना मी गायब करतो, देवालासुद्धा दिसणार नाही. मग म्हणाले, डोळ्यांत मोतीबिंदू, वही दिसत न्हाई आता, म्हणून देतो. पण तू सुद्धा शेरा वाचायचा न्हाईस रं. शब्द दे.

दिला. मी शब्दाचा पक्का आहे.

यात माझा स्वार्थ एकच. क्रांती. चार वर्षांत अकरा स्थळं आली, अकराही तिनं नाकारली. चांगली स्थळं, त्यातला एक तर फौजदार होता. कारण विचारलं तर म्हणते बघू की दादा, घाई काय. लय चोखंदळ. वडील नाहीत, म्हणजे जबाबदारी माझी. हिच्यासाठी असा मुलगा शोधून काढतो की नाही म्हणायला तोंड उघडणार नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

एकशे त्रेचाळीस स्थळं टाइप करत बसणं हे ज्युनिअरचं काम. फोटो काढला की अक्षरं ओळखणारं ॲप मिळालं. पानं उलटत फोटो काढत गेलो, दीड तासात वही लॅपटॉपमध्ये. शब्द दिला होता म्हणून काही वाचलं नाही. एका मुलाची उंची चोपन्न फूट आली, तेवढी आईनं दाखवली म्हणून दुरुस्त केली.

काल ग्रहण, आजपासून पितृपंधरवडा. लग्नाचं काम पंधरवड्यात करत नाहीत. कोडिंग बंद. नाइलाज आहे.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.१५

क्रांतीनं विचारलं लॅपटॉप संध्याकाळी तासभर मिळेल का, तिला कसला तरी पुढचा कोर्स ऑनलाइन करायचाय. मी म्हणालो सध्या प्रोजेक्ट सुरू आहे. ती बरं म्हणाली. पंधरवड्यामुळं लॅपटॉप बंदच आहे, पण एकदा द्यायला लागलं की लिंक तुटते.

ज्ञानूमामाचा फोन. दिवाळीनंतर दुकानात एक माणूस कमी पडतोय, शेवटचं विचारतो, येतोस का. मी म्हणालो मामा, मी आता आयटीत आहे. मामा हसला. बराच वेळ हसला. असल्या माणसांमुळंच आपला भाग मागं आहे.

आई आत क्रांतीला काहीतरी सांगत होती. मी गेल्यावर दोघी गप्प. घरात माझ्या यशाबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

झालं! एक ओळ लिहिली, एकच, व्ही-फॉर, आणि धाडधाड एकशे त्रेचाळीस कार्डं पानावर उभी राहिली. फोटो, नाव, गाव. अंगावर काटा आला. आईला बोलावलं. आईनं स्क्रीनला हळदकुंकू लावायला हात पुढं केला, तो अडवला.

लाल शेरेसुद्धा सगळे खाली आले. चटकन पंजा आडवा धरला स्क्रीनवर. शब्द म्हणजे शब्द. एका हातानं झाकून दुसऱ्या हातानं व्ही-शो लावलं, व्ही-शो इज इक्वल टू फॉल्स. पंजा काढला. सगळे शेरे गायब. साफ.

आप्पांकडं जाऊन दाखवलं. डोळे बारीक करून लय वेळ बघत होते. विचारलं, गेलं म्हंजे कुठं गेलं? मी म्हणालो गेलं आप्पा, राहिलंच नाही. ते म्हणाले आसं कसं, लिवलेलं कुठंतरी असतंय की. जुन्या माणसांना समजावणं अवघड.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

शुभमुहूर्तावर लॉन्च. गावच्या ग्रुपवर लिंक टाकली. सेलम, कोईमतूर, अमृतसर, कोलकाता, सगळीकडून अंगठे. आप्पांचा पुतण्या नाथाजी, त्यानं लिहिलं गावाला अभिमान आहे. हा माणूस मला शेळ्यांच्या वेळी हसला होता.

क्रांतीनं पेढे आणले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली दादा, आता हे सोडू नकोस हं, धरून ठेव. मलाही भरून आलं. वेडी. माझं नाव होतंय यातच तिला आनंद.

आता पुण्याहून ऑफर यायला किती दिवस लागतात ते बघायचं. मी आठ धरलेत.

५ ऑक्टोबर, रविवार

थोडा घोळ. माझा नाही, वापरणाऱ्यांचा.

कार्डावर टिक करायचा चौकोन ठेवलाय. पसंत असेल तर टिक करा, कळवा दाबा. म्हसवडच्या एका पाहुण्यांनी एका मुलीवर टिक केली, मग वर निवड केली की फक्त खानापूर तालुका दाखव. यादी लहान झाली, मुलगी वर सरकली, पण टिक होती तिथंच राहिली. आणि त्या जागेवर आता बावन्न वर्षांचे एक बिजवर बसले होते. पाहुण्यांनी न बघता कळवा दाबलं. बिजवर खूश. पाहुण्यांनी फोन करून माझ्या सात पिढ्या काढल्या.

त्या व्हिडिओतली ती 'की'. प्रत्येकाला स्वतःचा नंबर नसला तर व्ह्यू माणूस ओळखत नाही, पाट ओळखतो, पाटावर बसेल त्याला वाढतो. आता नंबर दिले. क्रांती सत्त्याऐंशी.

एवढ्या चुका मोठमोठ्या कंपन्यांतही होतात.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सत्त्याऐंशी नंबरवर टिक! पहिलीच!

वीरधवल, वडूजचा. शेतकी खात्यात, साताऱ्याला पोस्टिंग. निर्व्यसनी. फोटोत सुद्धा सरळ माणूस वाटतो. रविवारी बघायला येऊ का म्हणून विचारलंय.

क्रांतीला सांगितलं तर न बघताच नको म्हणाली. न बघता! मी म्हणालो फोटो तरी बघ. बघितला. जरा जास्तच वेळ बघितला. मग फोन परत दिला आणि नकोच म्हणाली. मी चिडलो. म्हणालो तुझ्यासाठी राजपुत्र आणू का, लोक म्हणतात भावाला बहीण उजवता येईना, माझ्या अब्रूचं काय. तिनं डबा भरला आणि गेली ड्यूटीला.

तिच्या वतीनं मीच होय दाबलं. घरात एकानं तरी निर्णय घ्यायला पाहिजे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सहाला उठलो! (पाहुणे येणार म्हणून आईनं पांघरूण ओढलं. पण उठलो.)

वीरधवल, त्याचे वडील आणि बहीण शिवांजली आले. पोहे झाले. वीरधवल आणि क्रांती मागच्या गोठ्याकडं बोलायला गेले, चांगली चाळीस मिनिटं. क्रांती हसल्याचा आवाज आला. आईनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी ऐकला तो आवाज.

तेवढ्या वेळात मी पाहुण्यांना डायरेक्टिव्ह समजावली. वडील जांभया देत होते, पण शिवांजली नीट ऐकत होती. नंतर कळलं, ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वेबसाइटमधल्या चुका शोधायच्या, त्याचा पगार. मी लॅपटॉप पुढं केला. म्हणालो काढा चूक.

तिनं दोन बटणं दाबली, बाजूला कसली तरी खिडकी उघडली, वाचत राहिली. तोंडावरचं हसू गेलं. मग मला हळू आवाजात विचारलं की हे पान तुम्ही स्वतः वाचलंय का. मी म्हणालो वाचायचं काय, मी लिहिलंय. तिनं लॅपटॉप मिटला, वडिलांकडं बघितलं, म्हणाली उद्या फोन करते तुम्हाला.

ऑफर. शंभर टक्के. सगळ्यांसमोर कशी बोलेल?

१३ ऑक्टोबर, सोमवार

ऑफर नाही.

शिवांजली म्हणाली व्ही-शो गोष्ट काढून टाकत नाही, फक्त पडदा टाकतं. मागं सगळं तसंच असतं. कॉम्प्युटर थोडाफार येणाऱ्या कुणालाही पडदा उचलता येतो. एकशे त्रेचाळीस घरांचे शेरे अकरा दिवस उघडे आहेत. साइट आत्ताच्या आत्ता बंद करा.

मी शांतपणे सांगितलं की घाबरू नका, व्ही-इफ लावतो. लावलं. खरोखर पानावरून गेलं, तिचीच ती खिडकी उघडून बघितलं. तिला कळवलं. तर म्हणते पान सुटलं, पण यादी अजून तशीच वाचणाऱ्याच्या फोनवर पोचतेय. पंगतीत एखाद्याला वाढायचं नाही म्हणालात तरी पातेलं तुम्ही मंडपातच ठेवलंय. शेरे यादीतूनच काढा, नाहीतर बंद करा.

टेस्टर लोकांना चुका काढायची सवय लागते. नवऱ्याकडच्या माणसांनी जरा वर्चस्व दाखवायचं असतं, तसलं काहीतरी. उद्या बघतो. आज डोकं दुखतंय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कुणीतरी पडदा उचलला होता. सोमवारच्या आधीच.

सकाळी ग्रुपवर स्क्रीनशॉट. पहिला कोईमतूरच्या एका मुलाचा, दारू सोडली म्हणतात, खात्री नाही. त्याच्या भावानं रागानं दुसऱ्याचा टाकला. दुसऱ्यानं तिसऱ्याचा. दुपारपर्यंत गाव एकमेकांचं वाचत होतं. भाळवणीकडं एका मुलीचा साखरपुडा रविवारी होता. तिला लहानपणी फिट यायची, आता नाही येत, आप्पांनी तसंच लिहिलं होतं, आता येत नाही म्हणून. साखरपुडा पुढं ढकलला. तिचे वडील आमच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. मी आत होतो. आईनं सांगितलं बाहेरगावी गेलाय.

शिवांजलीला मीच फोन केला. तिनं एकेक पायरी सांगितली, तसं केलं, साइट बंद झाली.

संध्याकाळी आप्पा आले. काठी टेकत. मला वाटलं शिव्या देतील. नाही दिल्या. वही मागितली. कडेवर पोर घ्यावं तशी घेतली. म्हणाले, तीस वर्सं टपाल वाटलं रं, एक पाकीट फुटलं न्हाई माझ्या हातनं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

चूक ॲपची. चूक त्या मास्तरची, इतका महत्त्वाचा फरक चहाच्या वेळेला सांगतात का.

रात्री क्रांतीनं एकच विचारलं. दादा, तू वाचलेस का शेरे? मी म्हणालो नाही, एकही नाही, आप्पांना शब्द दिलाय. तिनं मोठा श्वास सोडला. या सगळ्यात निदान एका माणसाला माझ्या शब्दाची किंमत आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

वडूजवरून होकार! एवढं होऊनसुद्धा. वीरधवलनं स्वतः आईला फोन केला. म्हणाला क्रांतीचा शेरा आम्ही वाचला, वाचून उलट जास्तच पसंत आहे, आणि लग्नानंतर तिला घराकडं जे बघायचंय ते खुशाल बघू दे. आई रडायला लागली.

आणि क्रांतीनं नाही सांगितलं. बारावा!

माझा तोल गेला. लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. मी म्हणालो तुला लग्नच करायचं नाही, तुला नोकरीची मस्ती आहे, तुझ्यापायी मी ती वेबसाइट केली, तुझ्यापायी गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. ती ॲप्रनची घडी घालत होती. घडी घालून झाली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. म्हणाली दादा, जेवून घे, मला उशीर होतोय.

शिवांजलीचा मेसेज आला. बहिणीला बोलण्याआधी सत्त्याऐंशी नंबर वाचा. फाइल तुमच्याकडं आहेच.

वाचणार नाही. शब्द दिलाय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

गावी आलेले गलाईवाले रस्त्यात दिसले की माझ्याकडं विचित्र बघतात. रागानं नाही, राग असता तर कळलं असतं. नाथाजी भेटला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला काय गड्या तू. बस, एवढंच. सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मला नाही.

फाइल तीनदा उघडली. तीनदा बंद केली. चौथ्यांदा पंजा आडवा धरून सत्त्याऐंशीपर्यंत आलो. पंजा काढला नाही.

शब्द पाळायला लय धैर्य लागतं. किंवा मला भीती वाटतेय. दोन्हींपैकी एक.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सकाळी ५.५०

झोप नाही. वाचलं.

आप्पांचं अक्षर जसंच्या तसं उतरवतो.

मुलगी सोनं. नकार स्थळाला नाही. घर तिच्या पगारावर चालतं. भाऊ कामाला लागेपर्यंत लग्न करणार नाही म्हणते. भाऊ लागेल असे वाटत नाही. स्थळे दाखवत राहावे. भावाला हे कळू देऊ नये, मनाचा हळवा आहे, ही मुलीची विनंती.

दसऱ्यापासून हे उघडं होतं. गावानं वाचलं. सेलमनं वाचलं, अमृतसरनं वाचलं. वडूजच्या माणसांनी माझ्यासमोर बसून पोहे खाल्ले. माझ्याच पानावर होतं, माझ्याच पडद्यामागं, आणि पंजा आडवा धरून बसलो होतो मी.

लॅपटॉप. पेढे. अर्धी भाकरी. वर सगळं मीच लिहून ठेवलंय.

फार लाज वाटतेय. दुसरा शब्द नाही.

त्याच दिवशी, दुपारी

क्रांतीनं ओवाळलं. आई दरवर्षी आदल्या दिवशी माझ्या हातात ओवाळणीचं पाकीट देते. कालही दिलं. ते कुणाच्या पगारातून येतं हे चौतीस वर्षांच्या माणसानं कधी विचारलं नव्हतं. ते मी ताटात टाकू शकलो नाही. हातातच धरून बसलो. ती म्हणाली टाक की दादा, निरांजन विझेल.

मी म्हणालो सत्त्याऐंशी वाचलं.

तिचा हात थांबला. मग उरलेलं ओवाळून पूर्ण केलं, ताट खाली ठेवलं आणि पदरानं नाही, चक्क माझ्या टॉवेलनं तोंड पुसत रडली. म्हणाली आप्पांनी लिवायला नको होतं.

मी सांगितलं सेलमला जातो, वडूजला होय म्हण. आई म्हणाली मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतास, त्याच्या मागच्या वेळी पण. क्रांतीनं एवढंच विचारलं, मामांना फोन केलास का? केला नव्हता. तिच्यासमोर केला. मामा या वेळी हसला नाही. म्हणाला पहाटे चारला भट्टी पेटते. मग तिनं विचारलं, तिकीट काढलंस? नव्हतं काढलं. म्हणालो काढतो उद्या.

तिनं फोन घेतला आणि काढलं. रविवारचं, मिरजेहून बेंगळुरू, पुढं सेलम. वडूजचं काय म्हणून विचारलं तर म्हणाली, तू गाडीत बस, मग बघू.

पाकीट परत आईकडं दिलं. या वर्षी ओवाळणी बाकी. सेलमला पोचून कमावल्यावर.

२६ ऑक्टोबर, रविवार. मिरज स्टेशन

सकाळी आप्पांच्या ओट्यावर गेलो होतो. पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. भाळवणीच्या मुलीकडं नाथाजी आणि ते जाऊन आलेत, तुळशीच्या लग्नानंतर बघू म्हणालेत मुलाकडचे. माझ्यानं तिथं जाववलं नाही. जायला पाहिजे होतं.

गाडी लागलीय. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून लिहितोय, हातात वडापाव. डोकं शांत आहे, म्हणून स्पष्ट विचार सुचतोय. सेलमला जाणं चूक नाही, पण घाईचं आहे. भट्टीचा धूर मला पहिल्यापासून सोसत नाही. सांगलीत एक बॅकएंडचा कोर्स आहे, तीन महिन्यांचा, खरी सुरक्षा तिथं असते, फ्रंट-एंड हे माझं फील्डच नव्हतं. विट्याची एसटी सव्वापाचला आहे. क्रांतीला नीट समजावलं तर ती

क्रांतीचा फोन. दादा, बसलास का गाडीत?

बसलो म्हणालो.

ती म्हणाली नक्की? मी म्हणालो नक्की, खिडकी मिळालीय. मग म्हणाली, बरं, मग मी वडूजला फोन करते. आवाज कसा झाला होता सांगता येत नाही. पाहुणे आले त्या दिवशी गोठ्याकडून आला होता तसा. आणि ठेवला.

गाडी हलली होती.

पळालो. बॅग, वही, चप्पल एक हातात. शेवटच्या डब्याच्या दारातल्या फौजी माणसानं दंड धरून आत ओढलं आणि जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही. वडापाव बाकावर राहिला.

दारातच बसून लिहितोय. खिडकी नाही. पण बसलोय.